अर्ध्या क्राउनचा कागद

विलायतेच्या पार्लमेंटने १८८९ साली साथीच्या रोगांची वर्दी देण्याचा कायदा केला. डॉक्टरला रोग्यात देवी, घटसर्प, विषमज्वर, स्कार्लेट ताप, पटकी अशा ठरावीक रोगांपैकी एखादा दिसला की त्याने गावच्या आरोग्याधिकाऱ्याला लेखी कळवायचे. लंडनला हा कायदा बंधनकारक होता. बाकीच्या गावांनी हवा तर घ्यावा, नको तर सोडून द्यावा. दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, ही मुभा संपली. त्यामुळे जानेवारी १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आला तेव्हा इंग्लंड-वेल्समधल्या प्रत्येक गावात रोगांची नोंदवही उघडलेली होती. वर्दी दिली नाही तर डॉक्टरला चाळीस शिलिंगांपर्यंत दंड. दिली तर मात्र खाजगी रोग्यामागे अडीच शिलिंग, म्हणजे अर्धा क्राउन, आणि रोगी एखाद्या सार्वजनिक संस्थेतला असेल तर एक शिलिंग. हे पैसे स्थानिक संस्थेच्या तिजोरीतून, म्हणजे शेवटी घरपट्टी भरणाऱ्यांच्या खिशातून जायचे.

त्या काळच्या आरोग्यव्यवस्थेबद्दल लिहिणारे बहुधा प्रयोगशाळेत शिरतात. कॉख आणि पाश्चर, घटसर्पावरचे प्रतिविष, पाण्यातले जंतू मोजण्याच्या नव्या रीती. ते सारे होतेच, पण मला त्या अडीच शिलिंगांचे मोल अधिक वाटते. साथ आवरायची म्हणजे कुणाला तरी स्वतःचे नुकसान सोसायला सांगावे लागते. डॉक्टरने रोग्याचे गुपित बाहेर सांगायचे आणि ते घर कदाचित कायमचे गमवायचे. शिंप्याने दुकान बंद ठेवायचे. आईने चार वर्षांचे पोर परक्या माणसांच्या गाडीत बसवून द्यायचे. यात फायदा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आणि झळ त्या एका घराला. ही झळ भरून कोण देणार हा प्रश्न ज्या गावांनी उघडपणे घेतला तिथे रोग हाती लागत गेला. ज्यांनी तो टाळला त्यांना शिपाई लागले, आणि दारात शिपाई दिसले की रोगी माळ्यावर लपवले जातात हे जगभर सारखेच आहे.

वर्दीचा कागद ज्याच्या टेबलावर येऊन पडायचा त्या आरोग्याधिकाऱ्याकडे आधी पाहू. पहिला आरोग्याधिकारी लिव्हरपूलने १८४७ मध्ये नेमला, डॉ. डंकन. १८७२ पासून प्रत्येक स्थानिक संस्थेला असा माणूस नेमणे भाग पडले, आणि १८९२ पासून पन्नास हजारांवर वस्ती असलेल्या ठिकाणी त्याच्याकडे सार्वजनिक आरोग्याची पदविका असणे आवश्यक झाले. मोठ्या शहरांत हा पूर्णवेळ पगारी माणूस असे आणि त्याच्या हाताखाली निरीक्षकांचा ताफा. लहान गावांत तो अर्धवेळ. सकाळी दवाखाना चालवायचा आणि दुपारी ज्यांची नाडी पाहिली त्यांच्याच चाळींचे संडास तपासायचे. चाळमालक नगरसभेत बसलेला असायचा, नेमणूक करणाराही तोच आणि मुदत संपली की नारळ देणाराही तोच. खरे बोलून गावाचा शत्रू ठरणाऱ्या इब्सेनच्या नाटकातल्या डॉ. स्टॉकमनची जी गत होते ती इंग्लंडातल्या कित्येक अर्धवेळ अधिकाऱ्यांना कळत होती, म्हणून ते अहवालात जपून लिहीत. लंडनच्या वरिष्ठ मंडळाने पगाराचा अर्धा वाटा उचलला असेल तर मात्र त्या मंडळाच्या संमतीवाचून त्याला काढता येत नसे. तो अर्धा पगार म्हणजे खरे बोलण्याचे संरक्षण होते. इथेही प्रश्न पुन्हा पैशावरच येऊन थांबतो.

गावाची संस्था स्वतःच रोगाचे मूळ असू शकते, हे १९०२ च्या नोव्हेंबरात मोठ्या झोकात उघड झाले. १० नोव्हेंबरला विंचेस्टर आणि साउथॅम्प्टन या दोन शहरांत महापौरांच्या मेजवान्या झाल्या. दोन्हीकडे पानात एम्सवर्थ नावाच्या किनाऱ्यावरच्या गावातून आणलेली कालवे होती. पुढच्या काही दिवसांत पाहुण्यांपैकी पुष्कळजणांची पोटे बिघडली, कित्येकांना विषमज्वर झाला, आणि विंचेस्टर कॅथीड्रलचे डीन स्टीफन्स डिसेंबरात वारले. सरकारी तपासनीस डॉ. बुलस्ट्रोड चौकशीला गेले. एम्सवर्थची गटारे कालवांच्या कुंडांजवळच समुद्रात सोडलेली होती. ओहोटीला कालवे ज्या चिखलात पहुडलेली असत, त्यावरूनच गावाचा मैला वाहत जाई. कालवांचा धंदा एका रात्रीत बसला. फॉस्टर नावाच्या व्यापाऱ्याने मग स्थानिक कौन्सिलवर दावा लावला आणि १९०६ मध्ये तो जिंकला. चाळींतल्या बायकांना रोज स्वच्छतेचे धडे देणाऱ्या व्यवस्थेला न्यायालयाने सांगितले, तुमची मोरी आधी आवरा. गरिबांच्या वस्तीत विषमज्वराने माणसे वर्षानुवर्षे जातच होती. डीनसाहेब मेले तेव्हा गटारांकडे देशाचे लक्ष गेले, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

लंडनमधली देवीची शेवटची मोठी साथ १९०१-०२ ची. नऊ हजारांहून अधिक रोगी झाले आणि दीड हजारावर माणसे दगावली. या रोग्यांना ठेवायचे कुठे, हा जुना तंटा होता. १८८० च्या सुमारास फुलहॅम भागातल्या देवीच्या इस्पितळाभोवती रोग्यांची संख्या नकाशावर मांडून डॉ. पॉवर यांनी दाखवले होते की इस्पितळाच्या जितके जवळ जावे तितकी देवी जास्त. हवेतून ती उडते की कामगार आणि पाहुण्यांच्या अंगावरून बाहेर पडते, यावर पुढे वाद झाला. पण आपल्या गल्लीत देवीचे इस्पितळ नको म्हणणाऱ्यांना हाती आकडेच मिळाले. तेव्हा मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्डाने थेम्स नदीच्या मुखाकडे, डार्टफर्डजवळ, तीन जुनी जहाजे नांगरून ठेवली. ‘अ‍ॅटलस’ ही जुनी लाकडी युद्धनौका होती. ‘एन्डिमिअन’वर स्वयंपाक आणि कचेरी. तिसरे ‘कॅस्टेलिया’ मोठे गमतीचे. प्रवाशांना बोट लागू नये म्हणून ते दोन सांगाडे जोडून बांधलेले होते. त्याच्यावर आता देवीच्या बायका.

रोग्याचा प्रवास असा होई. घोड्याच्या बंद गाडीतून त्याला रॉदरहाइथ, ब्लॅकवॉल किंवा फुलहॅमच्या धक्क्यावर नेत. तिथे डॉक्टर त्याला पुन्हा तपासत, कारण कांजिण्या आणि देवी यांत चूक झाली तर देवी न झालेला माणूस देवीच्या वॉर्डात जाऊन पडायचा. मग नदीतली रुग्णनौका. सोबत परिचारिका, आत खाटा, आणि ऐन शहरातून, कारखाने-गोद्या मागे टाकत, खालच्या पाणथळीपर्यंत काही तासांचा प्रवास. पोचल्यावर अंगावरचे कपडे निर्जंतुक करायला जात आणि संस्थेचे कपडे मिळत. १९०१ च्या अखेरीस जहाजे अपुरी पडू लागली तेव्हा किनाऱ्यावर घाईघाईने तात्पुरती इस्पितळे उभी राहिली, आणि १९०३ च्या डिसेंबरात जॉइस ग्रीनचे कायमचे इस्पितळ उघडल्यावर जहाजे विकली गेली.

एवढ्या भीतिदायक प्रवासाला लंडनचे गरीब तयार कसे झाले? वाचकाच्या डोळ्यांसमोर सक्ती येईल, आणि ती होतीही. कायद्यानुसार घरात ‘योग्य सोय’ नसलेल्या रोग्याला मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने उचलून नेता येत असे. योग्य सोय म्हणजे वेगळी खोली, वेगळी शुश्रूषा करणारी बाई. अर्थात बंगल्यातला रोगी घरीच राहणार आणि एका खोलीतल्या सातजणांपैकी एक उचलला जाणार. कायदा वर्गभेद बोलून दाखवत नव्हता, खोल्या मोजून तो करत होता. पण नुसत्या हुकमावर हजारो माणसे जात नाहीत. खरी अडचण निराळी होती. बोर्डाची इस्पितळे मुळात गरीब-कायद्याखालची, म्हणजे तिथे जाणे म्हणजे कंगाल ठरणे. कंगाल ठरलेल्याचा मताधिकार जायचा आणि गल्लीतली इज्जत तर आधीच गेलेली. १८८३ मध्ये ही अट काढली गेली. साथीच्या रोगासाठी तिथे दाखल होणे ही भीक मानली जाणार नाही असे ठरले. १८९१ मध्ये लंडनच्या प्रत्येक रहिवाशाला, पैसेवाल्यालाही, ते उपचार फुकट झाले. माझ्या मते ही दोन पाने लस आणि जहाजांइतकीच कामाची आहेत. कारकून, दुकानदार, शिक्षक अशी कधी कुणापुढे हात न पसरलेली माणसे आपली मुले बोर्डाच्या गाडीत चढवू लागली ती यानंतर. नेण्याची सक्ती राहिली, पण नेल्याने माणूस खाली पडत नव्हता.

भरपाईचा विचार सर्वांत उघडपणे केला तो लेस्टरने. मोजे विणणाऱ्या आणि जोडे शिवणाऱ्या कामगारांचे हे शहर लसविरोधकांची राजधानी म्हणून प्रसिद्ध आहे. बाळांना देवीची लस टोचणे इंग्लंडमध्ये १८५३ पासून सक्तीचे होते. न टोचल्यास दंड, दंड न भरल्यास घरातले सामान जप्त, प्रसंगी तुरुंग. लेस्टरमध्ये हजारो पालकांवर खटले झाले, आणि २३ मार्च १८८५ रोजी ऐंशी हजार ते एक लाख माणसांचा मोर्चा निघाला. १८९८ मध्ये सरकार नमले आणि सद्सद्विवेकाच्या आधारे सूट मागण्याची सोय झाली. १९०७ मध्ये ती सूट मिळवणे आणखी सोपे झाले. लेस्टरमध्ये तोवर नव्या बाळांपैकी फारच थोड्यांना लस मिळत होती. जाणकार म्हणत होते, एक दिवस हे शहर देवीने ओस पडेल.

तसे झाले नाही. १९०३-०४ मध्ये देवी लेस्टरमध्ये शिरली तेव्हा सातशेच्या आसपास रोगी निघाले आणि मृत्यू पंचवीस-तीसच्या घरात राहिले. लेस्टरची पद्धत १८७७ पासून बसत आलेली होती. वर्दी येताच त्याच दिवशी रोगी इस्पितळात. त्याच्या सहवासातली माणसे शोधून वेगळी ठेवायची किंवा रोज घरी जाऊन पाहायची. घर धुरी देऊन, कपडे वाफेने निर्जंतुक करून परत. आणि या सगळ्या दिवसांत ज्यांची मजुरी बुडाली त्यांना नगरपालिकेकडून भरपाई. मोजे विणणाऱ्या कामगाराला चौदा-पंधरा दिवस घरी बसवायचे तर त्याच्या चुलीची व्यवस्था करावी लागते, हे तिथल्या कौन्सिलला उमगले होते, कारण कौन्सिल निवडून देणारे मतदारही त्याच गल्ल्यांतले होते. ज्या माणसांनी सक्तीच्या लशीविरुद्ध रस्ता अडवला त्याच माणसांनी सक्तीचे विलगीकरण पाळले. सक्तीलाच त्यांचा विरोध असता तर हे घडले नसते. एका सक्तीत फक्त घेणे होते, दुसरीत देणेघेणे.

लसविरोधकांनी यावरून जो निष्कर्ष काढला तो मात्र मला मान्य नाही, आणि आजही कुणी लेस्टरचे नाव घेऊन लशीला नाके मुरडत असेल तर त्याने पुढचे वाचावे. लेस्टरच्या इस्पितळातल्या परिचारिका आणि नोकर लस घेतलेले होते. १९०१ पासून आरोग्याधिकारी असलेले डॉ. किलिक मिलार्ड रोग्याच्या सहवासातल्या माणसांना लस घ्यायला समजावून राजी करत. शहराभोवती बाकीचा इंग्लंड लस घेतलेला होता, त्यामुळे बाहेरून येणारी ठिणगी क्वचितच पडे. लेस्टरची युक्ती चालली ती लशीच्या कुंपणात. पण युक्ती खरी होती. सर्वांना लस टोचत बसण्यापेक्षा रोगी शोधायचा आणि त्याच्याभोवती कडे करायचे, हेच पुढे जगातून देवी हद्दपार करताना केले गेले. भारतात त्या मोहिमेत देवीचा रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस होते आणि शेवटी शेवटी ते हजार रुपयांपर्यंत गेले होते. अर्ध्या क्राउनचा कागद तेव्हा डॉक्टरच्या हातून निघून पोस्टमनच्या आणि गुराख्याच्याही हाती आला.

एडवर्ड गादीवर यायच्या पाचेक महिने आधी, ऑगस्ट १९०० मध्ये, ग्लासगोत प्लेग निघाला. गोर्बल्स नावाच्या दाटीच्या वस्तीत एक म्हातारी बाई आणि तिची नात काही दिवसांच्या अंतराने मेल्या. आयरिश कॅथलिक रिवाजाप्रमाणे मृतदेहापाशी रात्र जागवायला शेजारपाजार जमला होता, आणि पुढचे कित्येक रोगी त्या जमावातूनच निघाले. आरोग्याधिकारी डॉ. चामर्स यांनी नावे गोळा केली. शंभरावर सहवासितांना नगरपालिकेच्या स्वागतगृहात नेऊन खाऊपिऊ घालून ठेवले. रोगी बेल्विडिअरच्या ज्वररुग्णालयात. जागरणे बंद करायची होती, तेव्हा कॅथलिक धर्मगुरूंना विश्वासात घेतले गेले आणि बंदीची गोष्ट त्यांच्यामार्फत लोकांपर्यंत पोचली. एकूण ३६ रोगी, १६ मृत्यू, आणि साथ संपली.

याच्या तीनेक वर्षे आधी याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला पुण्यात काय झाले हे मराठी वाचकाला सांगायला नको. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा चारच कलमांचा. सरकारला वाटेल तो उपाय करण्याचा अधिकार, न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि अधिकाऱ्याला कोर्टकचेरीपासून अभय. भरपाई? द्यायची झालीच तर ती कुणी द्यायची हे सरकार ठरवील, इतकाच तिचा उल्लेख. डॉक्टरला वर्दीची फी नाही, बसून राहिलेल्याला मजुरी नाही. रँडच्या प्लेग कमिटीने घरोघर गोरे सोजिर पाठवले. ते माजघरात आणि देवघरात शिरले, बायकांना तपासणीसाठी बाहेर काढले, सामान रस्त्यावर जाळले. लोक प्रेते अंगणात पुरू लागले, रोगी लपवू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झडल्या. मुंबईतही १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर, आजच्या कस्तुरबावर, चाल केली होती, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही अशी खात्री पटलेली होती.

ग्लासगोत रोगी छत्तीस आणि पुण्या-मुंबईत हजारो, तेव्हा तुलना अन्यायाची आहे, असे कुणी म्हणेल. संख्येपुरते ते बरोबर आहे. शिवाय प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून येतो हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. परळच्या प्रयोगशाळेत डॉ. लिस्टन आणि प्लेग मंडळाने ते पुढे १९०५ च्या सुमारास पक्के केले. त्यामुळे माणसे वेगळी काढून पुण्याचा प्लेग तसाही फारसा थांबला नसता. पण सोजिर घरात शिरवण्याचे कारण रोगाच्या अज्ञानात नव्हते. अज्ञान ग्लासगोतही तेवढेच होते. ग्लासगोच्या अधिकाऱ्याला पगार देणारे आणि त्याला जाब विचारणारे लोक गोर्बल्सच्या पलीकडच्या रस्त्यावर राहत होते. रँडला पुणेकर काढू शकत नव्हते. पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय निघाले, मुंबईत जातवार इस्पितळे निघाली, तिथे मात्र हीच माणसे आपल्या पायांनी गेली. पुण्यामुंबईचे लोक विलगीकरणाला तयार होते. ते कुणाच्या हातून आणि कोणत्या अटीवर, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो लेस्टरच्या कामगारांनीही विचारलेला होता.

आता माझ्याच म्हणण्याची उलट बाजू. पैसा ओतला म्हणजे रोग हटतो असे नाही, आणि एडवर्डकालीन नगरपालिकांनी सर्वांत जास्त पैसा जिथे ओतला तिथेच त्याचे फळ सर्वांत शंकास्पद ठरले. ती जागा म्हणजे स्कार्लेट तापाची विलगीकरण रुग्णालये. १८९३ च्या कायद्यानंतर गावाबाहेर, कुंपणाआड, लाल विटांची ही इस्पितळे देशभर उभी राहिली. नगरसेवकांना ती प्रिय, कारण कोनशिलेवर नाव कोरता येते. नोंदवहीला कोनशिला नसते. मूल तापाने लाल झाले की बंद गाडी येई आणि ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त, आत राही. अंगाची सालपटे निघतात तोवर संसर्ग असतो अशी समजूत होती. आईबापांना भेट नाही. मूल अगदी शेवटच्या घटका मोजत असेल तरच आत घेत. कित्येक गावांत मुलांना नंबर दिलेले असत आणि कुठल्या नंबराची प्रकृती कशी आहे हे स्थानिक वर्तमानपत्रात छापून येई. संध्याकाळचा अंक उघडून बाप आधी आपला नंबर ‘धोक्यात’ या मथळ्याखाली नाही ना ते पाहायचा.

आणि एवढे करून? मूल बरे होऊन घरी परतायचे आणि आठवडाभरात त्याचे धाकटे भावंड तापाने पडायचे. अशा ‘परत येणाऱ्या’ रोग्यांचा अभ्यास लेस्टरला जाण्यापूर्वी बर्मिंगहॅमच्या ज्वररुग्णालयात असताना मिलार्ड यांनीच केला आणि सरळ विचारले की या विलगीकरणाने साथ खरोखर कमी होते काय. लंडनमध्ये बहुतेक रोगी इस्पितळात जात असूनही स्कार्लेट तापाचे प्रमाण काही केल्या उतरत नव्हते. मरण कमी झाले होते, पण ते तो रोगच सौम्य होत चालल्यामुळे. त्याच इस्पितळांत घटसर्पाची मुले मात्र खरोखर वाचली, कारण १८९४-९५ पासून प्रतिविष हाती आले होते. लंडनच्या बोर्डाच्या इस्पितळांत शंभरातली तीसच्या आसपास मरणारी मुले पंधरा वर्षांत दहाच्या आसपास आली. इमारत तीच, कुंपण तेच. फरक सुईत होता. गोवर आणि डांग्या खोकला या दोघांनी त्या काळात स्कार्लेट तापापेक्षा जास्त पोरे नेली, आणि ते रोग बहुतेक ठिकाणी वर्दीच्या यादीतही नव्हते. पुरळ दिसायच्या आतच गोवर पसरून गेलेला असतो, त्याला कुंपण अडवत नाही. तिथे कामी येते ती बरी शुश्रूषा, पोटभर अन्न आणि मोकळी खोली. ही देण्याची तयारी नव्हती.

पाण्याचे काम सोपे, फक्त महाग. लिंकन शहरात १९०४-०५ च्या हिवाळ्यात विषमज्वराने हजारावर माणसे आजारी पडली आणि शंभराहून अधिक मेली. डॉ. ह्यूस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्याने नळाच्या पाण्यात सोडियम हायपोक्लोराइट घालायला सुरुवात केली. शहराच्या पाण्यात सतत क्लोरीन घालण्याचा हा पहिल्याच प्रयोगांपैकी एक. लोक वासाबद्दल कुरकुरले, प्यायले, आणि साथ ओसरली. १९११ मध्ये बावीस मैलांवरच्या एल्क्सलीहून नवे पाणी आले. पाण्याच्या बाबतीत कुणाला घरी बसवावे लागत नाही, सगळे मिळून पट्टी भरतात आणि सगळ्यांना सारखे मिळते; म्हणून मोठ्या शहरांत तो लढा या काळापर्यंत बराचसा जिंकलेला होता.

मुलांच्या मरणाचा लढा त्याहून नाजूक. १८९९ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्या हजारांपैकी १६३ बाळे वर्षाच्या आत मरत होती. उन्हाळ्यात जुलाबांनी घरेच्या घरे रिकामी होत. बोअर युद्धात भरतीला आलेले तरुण खुरटलेले निघाले तेव्हा साम्राज्याला आपल्या पाळण्यांची आठवण झाली, हा हेतू फार थोर नव्हता. पण यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्डचे महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी १९०४ मध्ये जे केले ते मला आवडते. लाँगवुड या भागात त्यांच्या कारकिर्दीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या आईला त्यांनी हमीपत्र दिले: बाळ एक वर्षाचे झाले की एक पौंड. त्याच सुमारास जन्माची खबर ताबडतोब यावी म्हणून खबर देणाऱ्याला एक शिलिंग ठेवला गेला, आणि खबर येताच पालिकेची लेडी डॉक्टर दारात. १९०६ मध्ये शहराने जन्माची वर्दी सक्तीची करून घेतली आणि पुढच्याच वर्षी देशाचा कायदा झाला. सेंट हेलेन्सने १८९९ पासूनच बाळांसाठी निर्जंतुक दुधाच्या बाटल्या विकायला सुरुवात केली होती. १९१० मध्ये मरणारी बाळे हजारी १०५ वर आली. श्रेय कुणाचे यावर इतिहासकार भांडतात. थंड उन्हाळे, लहान होत गेलेली कुटुंबे, मोटारी आल्यावर रस्त्यावरची लीद आणि माश्या कमी होणे, सगळेच दावेदार आहेत. पण घरी आलेली बाई नुसती तपासायला आली की काहीतरी घेऊन आली, हे आईला चटकन कळते. बऱ्याच गावांत ती फक्त उपदेश घेऊन यायची. गिरणीत दहा तास उभ्या राहणाऱ्या बाईला अंगावर पाज म्हणून सांगायचे आणि तिच्या बुडालेल्या मजुरीबद्दल अवाक्षर काढायचे नाही, हा त्या चळवळीचा दांभिक भाग होता.

आणि मग क्षय. फुप्फुसाच्या क्षयाने वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास माणसे मरत होती, देवीच्या कुठल्याही साथीपेक्षा कितीतरी जास्त. तरी वर्दीच्या मूळ यादीत तो नव्हता. कारण वैद्यकीय नव्हते. देवीचा रोगी महिनाभर सांभाळायचा असतो, क्षयाचा वर्षानुवर्षे, आणि तो बहुधा घरातला कमावता माणूस. त्याला वेगळे ठेवायचे तर त्याच्या अख्ख्या घराला पोसावे लागेल, हे बिल कुठल्याच नगरपालिकेला झेपणारे नव्हते. शेफील्डने खास कायदा करून १९०४ मध्ये क्षयाची वर्दी सक्तीची केली. ब्रायटनमध्ये डॉ. न्यूजहोम यांनी वर्दी ऐच्छिक ठेवली आणि ज्वररुग्णालयातल्या रिकाम्या खाटा क्षयरोग्यांना दिल्या. नाव वहीत आले की मालक कामावरून काढतो, घरमालक जागा सोडायला सांगतो, ही भीती खरीच होती. म्हणून १९०८ मध्ये मध्यवर्ती मंडळाने गरीब-कायद्याखालच्या क्षयरोग्यांची वर्दी देशभर सुरू केली तेव्हा नियमांतच लिहून टाकले की या वर्दीच्या आधारे रोग्याच्या नोकरीवर, धंद्यावर किंवा पोट भरण्याच्या साधनावर कुठलेही बंधन घालता येणार नाही. त्या पिढीच्या कारभाऱ्यांना व्यवहार पुरता कळला होता, याचा याहून चांगला पुरावा मला सापडत नाही. जिथे पैसे देणे शक्य नाही तिथे सक्तीही करायची नाही, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले.

आपल्याकडे क्षयाची वर्दी २०१२ पासून सक्तीची आहे. खाजगी डॉक्टरला रोगी कळवल्याबद्दल पाचशे रुपये मिळतात आणि २०१८ पासून रोग्याच्या खात्यात आहारासाठी दरमहा रक्कम जमा होते. आधी पाचशे, आता हजार. अर्ध्या क्राउनचा हिशेब आपण उशिरा का होईना मांडला. फक्त हजार रुपयांत महिनाभराची बुडालेली मजुरी येत नाही, आणि रंगकाम किंवा गवंडीकाम करणारा माणूस दोन महिन्यांत गोळ्या सोडून परत मचाणावर का चढतो, याचे उत्तर आरोग्य खात्याच्या पोस्टरवर नसते.

इंग्लंडने पुढचे पाऊल टाकले ते एडवर्ड वारल्यानंतर. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने आजारी पडलेल्या विमेदार पुरुषाला आठवड्याला दहा शिलिंग आणि बाईला साडेसात शिलिंग मिळू लागले, शिवाय क्षयासाठी आरोग्यधामाची सोय. क्षयाची वर्दी सर्वांसाठी सक्तीची झाली ती याच सुमारास. पण आठवड्याचे हे पैसे ज्याच्या पगारातून वर्गणी कापली जाई त्यालाच मिळत. त्याच्याच अंथरुणाशेजारी झोपणारी, त्याची थुंकी धुणारी बायको स्वतः खोकू लागली, तर तिच्या नावावर वर्गणी नव्हती आणि म्हणून पैसेही नव्हते. त्या घरांतल्या बायकांची वर्दी उशिरा येत राहिली.